रुमालाखालचा हात

गिरधर दलालानं माझा हात धरला आणि लगेच सोडला. मग रुमालाखालून आपला हात बाहेर काढून उन्हात धरला. बोटं वळवून वळवून बघितली. बोटांना पांढरा कोंडा चिकटला होता. माझ्या कातड्याचा.

"पाणी आणा रे कोणी," तो हमालांना म्हणाला.

पाणी येईपर्यंत त्यानं हात अंगापासून लांब धरून ठेवला. पाणी आलं तसा तिथंच, तुरीच्या राशीशेजारी, माती घेऊन त्यानं हात घासला. मनगटापर्यंत. मग आमच्या सेठला म्हणाला, "सेठजी, माणूस बदला. हे मी धरत नाई."

मागून कोणी विचारलं, "काय झालं?"

"महारोग हाये वाटते. पाह्य ना, चामडं गळून राहिलं."

राशीभोवतीची माणसं मागं सरकली. फार नाही. दोन पावलं. तेवढ्यात मी मधोमध एकटा पडलो. माझ्या हातावर अजून रुमाल होता, निळा. त्याच्यावर खपल्या पडलेल्या स्पष्ट दिसत होत्या.

सेठ ओट्यावरून उतरला. पोत्यात खुपसून नमुना काढायची लोखंडी परखी त्याच्या हातात होती. तिच्या टोकानं त्यानं माझ्या हातावरचा रुमाल उचलला आणि नालीत टाकला. मुनीमला म्हणाला, "याले अंदर बसव."

अकोल्याच्या धान्य बाजारातली ही गोष्ट. एकोणीसशे साठच्या आसपासची. त्या वेळी आमच्याकडे भाव तोंडानं बोलत नसत. अडत्याचा माणूस आणि खरेदीदाराचा दलाल समोरासमोर उभे राहायचे, दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा, आणि आत बोटं दाबून भाव ठरवायचा. एक बोट धरलं की एक, पाची धरली की पाच. तोंडानं पाऊसपाण्याच्या, लग्नकार्याच्या गोष्टी चालू. ज्याचा माल तो कास्तकार बाजूला उभा. त्याला रुमाल हलताना दिसायचा, भाव कळायचा नाही. रुमाल निघाला की त्याला सांगायचं, एवढा झाला बाप्पा. तो मान हलवायचा.

मी सेठचा हात होतो. हीच माझी नोकरी. गावाकडं जमीन थोडी आणि भाऊ जास्त, म्हणून मी मॅट्रिक होऊन अकोल्याला आलो. आकड्याला पक्का, जिभेला आवर. सेठनं ते हेरलं आणि मला रुमालाखाली घातलं. माझ्या बोटांवर बाजाराचा विश्वास होता. माझं दाबलेलं बोट कधी परत घ्यावं लागलं नाही.

त्या दिवसापासून मी गोदामात बसलो. रिकामं बारदान मोजायचं, फाटकं वेगळं काढायचं. चहा सगळ्यांना काचेच्या ग्लासात यायचा. मला कान तुटलेल्या कपात. तो कप खिडकीत ठेवलेला असायचा, मीच विसळायचा. दलाल येता-जाता डोकावायचे.

"काय बे, बोटं हायेत ना अजून? रोज मोजत जाय. तुले तं हिशेब येते."

हसायचे. मी बारदान मोजायचो.

महारोग नव्हता. पहिला डाग लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कोपरावर आला. लाल, वर पांढरी खपली. खपली काढली की खाली रक्ताचे बारीक ठिपके. सगळे म्हणाले गजकर्ण आहे. गजकर्णाची सगळी मलमं झाली. डाग गुडघ्यावर गेला, डोक्यात गेला, मग तळहातावर उतरला. शिंपी बोटात घालतो त्या टोपणावर असतात तसे बारीक खळगे नखांवर पडले. थंडीत कातडं तडकायचं.

रोज सकाळी पोरं उठायच्या आधी माझी बायको अंथरूण झाडायची. खपल्या केरसुणीनं सुपलीत घ्यायची आणि मागच्या दारानं नेऊन टाकायची. एक शब्द कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मी जागा असायचो, डोळे मिटून. केरसुणीचा आवाज ऐकत. अजूनही सकाळी तो आवाज आला की मी डोळे मिटतो.

सेठनं एकदा गोदामात येऊन दारातूनच सांगितलं, "मी तुले काढून नाई टाकलं, हे ध्यानात ठेव. हात साफ करून आण. हात साफ, तं रुमाल तुहा."

मी हात साफ करायच्या मागं लागलो.

अकोल्यातल्या एका डॉक्टरनं डांबराचं मलम दिलं. काळं, उग्र वासाचं. अंगाला लावलं की घरात रस्ता नवा केल्याचा वास सुटायचा. पोरगी नाक धरायची. मी हातांना थापून बाजारात जायचो. चैत्राचे दिवस. एक दिवस गाड्या जास्त आल्या म्हणून मला बाहेर उभं केलं, पोती मोजायला. दुपारपर्यंत हात पेटले. संध्याकाळी मनगटापासून बोटांपर्यंत फोड आले, पाण्यानं भरलेले. डांबर लावलेल्या कातड्याला ऊन किती तरी जास्त जाळतं हे मला मागून कळलं. आधी कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या मुलखात उन्हाशिवाय दुसरं आहे तरी काय?

फोड बसले. डाग होते तसेच राहिले.

मग कोणी अमरावतीच्या चामडीच्या डॉक्टरचं नाव घेतलं. पॅसेंजरनं बडनेऱ्याला, तिथून गाडी बदलून अमरावतीला. डॉक्टर म्हातारा होता. त्यानं माझे हात आपल्या दोन्ही हातांत घेतले. उघड्या हातांत. कितीतरी महिन्यांनी परक्या माणसानं मला हात लावला होता. माझं त्याच्या बोलण्याकडे लक्षच राहिलं नाही.

"हा सोरायसिस आहे," तो म्हणत होता. "महारोग नाही. हात धरून लागत नाही. एका ताटातून नाही, एका अंथरुणातून नाही. कोणाला लागत नाही."

मी त्याला ते पुन्हा सांगायला लावलं. त्यानं पुन्हा सांगितलं.

आधी मलमं दिली, मग मी फारच विनवलं तेव्हा पांढऱ्या बारीक गोळ्या दिल्या. कॉर्टिझोनच्या जातीच्या. त्या वेळी नव्या होत्या. म्हणाला, "यांनी साफ होईल. पण यांच्या भरवशावर राहू नका. महिन्यानं या. आणि एक ध्यानात ठेवा. या गोळ्या एकदम सोडायच्या नाहीत. कमी कमी करत न्यायच्या. एकदम सोडल्या तर रोग उलटतो."

हे वाक्य मला पाठ आहे. तेव्हाही होतं.

पंधरवड्यात हात साफ झाला. खपली गेली, लाली गेली. खाली कातडं होतं, साधं, माणसाचं. मी ते पोरीच्या गालावर फिरवून बघितलं. ती म्हणाली, "बाबा, टोचत नाई आता."

सेठनं हात दोन्ही बाजूंनी बघितला. मुनीमला नवा रुमाल आणायला सांगितला. दुसऱ्या दिवशी मी राशीवर उभा राहिलो. गिरधर समोर. त्यानं रुमालाखाली हात घातला, माझी बोटं धरली, आणि कामापुरती धरून सोडली नाहीत. जरा वेळ धरून ठेवली.

"वा रे. लोण्यावानी झाला हात."

मला आनंद झाला. हे स्पष्ट लिहितो, कारण माझ्या आयुष्यातल्या दुसऱ्या कोणत्याही गोष्टीपेक्षा त्या आनंदाची मला जास्त भीती वाटते. ज्या माणसानं माझ्यासमोर मातीनं हात घासला, त्यानं हात धरला म्हणून मी घरी जाताना गुळाची जिलबी घेतली.

महिना झाला. अमरावतीला जायचं होतं. सेठ म्हणाला, "सीझन हाये. तू कायले जातो? गोळ्या मी मागवतो." औषधाच्या दुकानातून बाटली आणवली आणि गल्ल्यात ठेवली. रोज सकाळी उदबत्ती फिरवून झाली की सेठ गल्ला उघडायचा, बाटलीतून गोळी काढायचा, आणि मी हात पुढं करायचो. तो गोळी वरून सोडायचा. हात साफ होता, त्याचाच भाव त्या हातानं ठरायचा, तरी गोळी वीतभर वरून. मला ते दिसत होतं. मी ते बघून न बघितल्यासारखं करत होतो.

मनगटावर कधी लाल ठिपका दिसला की तो म्हणायचा, "आज दोन घे."

मी दोन घ्यायचो.

मग तोंड भरायला लागलं. आधी गाल, मग हनुवटी. गळा आणि हनुवटी एक झाले. मानेच्या मागं मांसाचा गोळा चढला. भूक लागायची ती भाकरीवर भाकरी खाल्ली तरी जायची नाही. आळीतले लोक म्हणायचे, "सेठचं अन्न लागलं बाप्पा. कसं गोल गरगरीत तोंड झालं." बारीक माणसाच्या मुलखात गोल तोंड म्हणजे बरकत. कोणी विचारलं नाही की याचे हातपाय का काडीसारखे झाले.

धाकट्या बहिणीचं लग्न त्याच सालात माझ्याकडं, अकोल्याला झालं. फोटोवाला आला होता. त्यानं मला खुर्चीत बसवून एकट्याचा फोटो काढला. तो फोटो अजून घरात आहे. पाहुणे आले की म्हणतात, हा फोटो चांगला आहे, तेव्हा तब्येत होती. मी त्या माणसाला ओळखत नाही. त्याचे डोळे गालांत गेलेले आहेत. तो हसतो आहे. त्याच्या हातावर एकही डाग नाही. कधी कधी मी जेवत असतो आणि तो भिंतीवरून बघत असतो, आणि मला वाटतं की घर त्याचं आहे, आणि मी इथं त्याच्या जागी येऊन राहिलो आहे.

त्या लग्नाला माझी माय गावाहून आली. आमचं गाव नांदगाव पेठेच्या बाजूला. मोतीबिंदूनं तिला दिसेनासं झालं होतं. मी पाया पडलो तशी तिनं दोन्ही हातांनी माझं तोंड चाचपलं. गाल, हनुवटी, पुन्हा गाल. हात थांबले.

"हा कोन व्हय?"

"मी व्हय माय."

"आवाज तं त्याचा हाये," ती म्हणाली. "तोंड माह्या लेकाचं नाई."

मांडवात सगळे हसले. मीही हसलो. ती हसली नाही. लुगड्याला हात पुसून बसून राहिली. पुढच्या पावसाळ्यात ती गेली, तेव्हा मी दवाखान्यात पडलेलो होतो. तिनं माझ्या तोंडाला शेवटचा हात लावला तेव्हा ते तोंड माझं नव्हतं. याला काही उपाय नाही.

पुढं एक एक गोष्ट बिघडत गेली. उकिडवा बसलो की उठता येईना. पोत्याला धरून, गुडघ्यावर हात देऊन उठायचो. कातडं कागदासारखं झालं. कोणी दंड धरला तरी तिथं जांभळा डाग. पाणी कितीही प्यालो तरी घसा कोरडा. हमालाचा हूक पायाला निसटता लागला, ती जखम कितीक दिवस ओलीच. एक दिवस बायकोनं मला मोरीजवळ बोलावलं.

"हे पाहा जी."

रात्री मी लघवी केली होती तिथं मोरीत मुंग्या होत्या. नुसती काळी रांग.

"तुमाले साखर झाली," ती म्हणाली. "त्या गोळ्या सोडा. रुमाल गेला खड्ड्यात."

मी सेठला सांगितलं. अमरावतीला जाऊन येतो म्हणालो, गोळ्या कमी कराव्या लागतील. तो तराजूकडं बघत होता. माझ्याकडं न बघता म्हणाला, "गोळ्या कमी केल्या तं हात खराब होईन."

"होईन. पन अंगाचं पाहा लागते."

"अंग तुहं हाये. हात माह्या दुकानाचा हाये. आखाजीपावतर घे. मंग सोडून दे."

हात माझ्या दुकानाचा आहे. मी ते ऐकून घेतलं. आखाजी महिन्याभरावर होती. महिनाच आहे, मी म्हटलं.

पुढची चूक मात्र माझी, आणि ती बाजारातल्या माणसानंच करावी अशी आहे. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी साल संपतं आणि साल लागतं. शेतावरचा सालदार गडी सुटतो, नवा ठरतो. जुनं देणंघेणं त्या दिवशी मिटवून टाकायचं, अर्धं-मुर्धं नव्या सालात ओढायचं नाही. ओढलं तर वर्षभर फिटत नाही म्हणतात. मी हिशेबी माणूस. आज एक, मग अर्धी, मग पाव, असं कमी करत नेणं मला थकबाकीसारखं वाटलं. डॉक्टरचं वाक्य पाठ होतं, पण ते डॉक्टरचं होतं. आखाजी माझ्या हाडात होती. मी गोळीलाही साल लावलं. आदल्या दिवशी शेवटची घेतली. आखाजीला आंघोळ केली, घागर पुजली, चिंचवणी आणि पुरणाचं जेवण झालं. गोळी घेतली नाही. मला मोकळं वाटलं.

आठवडा झाला नसेल. वैशाखाच्या दुपारी मला हुडहुडी भरली. बाहेर लू चालू, आणि मी दोन गोधड्यांखाली थरथरतो आहे. गोधडी काढली तर छाती लाल. पोट लाल. संध्याकाळपर्यंत डोक्यापासून पायापर्यंत मी एका रंगाचा झालो. मग त्या लालीवर पिवळे टिपके उठले, मोहरीएवढे, पुवाचे, हजारोंनी. ते एकमेकांत मिसळले आणि कातडं पापुद्र्यानं सुटायला लागलं. बायकोनं सुपली आणली नाही. सुपलीचं काम राहिलं नव्हतं. तिनं केळीची पानं आणून त्यावर मला निजवलं.

उलटतो म्हणजे काय, ते मला कळलं.

सेठनं हमाल किसनला पाठवलं, मी कामावर कधी येतो हे विचारायला. किसन आमच्या दुकानावरचा जुना हमाल. दोन-चार वर्षांपूर्वी त्याच्या सगळ्या वस्तीनं बौद्ध धर्म घेतला होता. तो दारात उभा राहिला. मला बघितलं. सेठचा निरोप त्यानं सांगितलाच नाही. बायकोला विचारलं, "वहिनी, टांगा आनू का?"

टांगा गल्लीच्या तोंडाशी थांबला. मला चालता येत नव्हतं. किसन पानांजवळ बसला.

"भाऊ, हात लावू का?"

मी हो म्हटलं. त्यानं मला पाठीवर घेतलं. आयुष्यभर पोती वाहिलेली पाठ. कुठं धरलं म्हणजे कमी दुखेल हे त्यानं दोन पावलांत ओळखलं. माझं पाणी-पू त्याच्या सदऱ्याला लागत होतं.

बडनेऱ्याच्या गाडीत मी, बायको आणि किसन बाकावर टेकलो तसा बाक रिकामा झाला. एक धुवट कपड्यांचा माणूस खिडकीतून हाका मारायला लागला, याला उतरवा, याला उतरवा. किसन त्याला म्हणाला, "तिकीट हाये याच्यापाशी. तुमी उतरा." तो उतरला नाही. डब्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला.

माझ्या मनात एकच होतं. मी म्हणालो, "किसनभाऊ, हे लागत नाई कोनाले. डॉक्टरनं सांगतलं हाये."

"लागलं तं लागलं."

"मंग तू इचारलं कायले, हात लावू का म्हनून?"

तो खिडकीबाहेर बघत होता. बायकोकडं एकदा बघितलं, मग माझ्याकडं.

"ते रोगासाठी नाई इचारलं," तो म्हणाला. "तुमच्यासारख्याच्या घरात पाय ठेवला का तोंडातून आपसूक निंघते ते. धर्म बदलला. तोंडाले अजून सवय हाये."

गाडी चालत राहिली. बडनेरा जवळ आल्यावर तो पुन्हा बोलला. रागानं नाही. खरंच विचारत असल्यासारखा.

"तुमाले तं रोग हाये, भाऊ. आमच्या हाताले कोनता रोग होता?"

पुढं दवाखान्यात महिनोन्‌महिने पडून होतो, तो प्रश्न उशाशी होता. मी दीड-दोन वर्षं कान तुटलेल्या कपात चहा प्यालो आणि मला वाटलं होतं की असं अजून कोणाला झालंच नाही. किसननं त्या दुकानावर उभी हयात काढली. तो कशात चहा पितो हे मी कधी बघितलं नव्हतं.

अमरावतीचा तो डॉक्टर मला फार बोलला. मग गोळ्या पुन्हा चालू केल्या आणि त्याच्या हिशेबानं, एका गोळीचे तुकडे करत, पावसाळाभर उतरवत आणल्या. साखर हळूहळू उतरली. तोंडही उतरलं. गाल आत गेले. आरशात पुन्हा ओळखीचा माणूस दिसला, म्हातारा होऊन आलेला. कातडं निवलं. कोपरं, गुडघे, तळहात यांवर डाग आपल्या जागी येऊन बसले. डॉक्टर म्हणाला, हा असाच राहील. कधी कमी, कधी जास्त. मलम लावा, उन्हात बेतानं बसा, आणि त्या बाटलीच्या वाटेला जाऊ नका.

नवी तूर बाजारात यायला लागली तसा मी अकोल्याला दुकानावर गेलो. घर चालवायचं होतं. दुसरं काम मला येत नव्हतं. सेठनं ये म्हटलं. तोंडाकडं बघून म्हणाला, "सुकला रे लेका." मग हाताकडं बघितलं. उदबत्ती फिरवली, गल्ला उघडला, बाटली काढली. नवी होती, बूच फोडलं नव्हतं. त्यानं ते फोडलं.

"घे. उद्या-परवा मोठा माल येऊन राहिला."

माझा हात सवयीनं पुढं गेला. मी तो जाताना बघितला. गोळी त्याच्या दोन बोटांत होती, वीतभर वर. त्या क्षणी मला राग आला नव्हता. पानांवर निजलेला मी दिसलो, आणि तोंड चाचपून थांबलेले मायचे हात. मी हात मागं घेतला. तोवर त्यानं गोळी सोडली होती. ती गादीवर पडली आणि घरंगळत खाली गेली.

"उचल."

"नाई."

"मंग हात कसा साफ होईन?"

"होनार नाई. हा असाच हाये."

सेठ हसला. मुनीमकडं बघून हसला. "असा हात रुमालात कोन धरन बे?"

मी बाहेर राशीवर गेलो. तिथं एक म्हातारी उभी होती, आपल्या तुरीजवळ. सोबत कोणी नव्हतं. गिरधर आला. आपल्या हातावर रुमाल टाकत माझ्याजवळ आला आणि थांबला.

"कावून बे? गोळी नाई खाल्ली आज?"

म्हणजे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. कोणत्या वेळी मला काय चारलं जातं, का चारलं जातं. मी एकटाच ते आपलं औषध समजत होतो.

"नाई खाल्ली," मी म्हणालो. "अन् खानार नाई. रुमाल काढ. भाव तोंडानं बोल."

"काय?"

"तुले माह्या हाताची किळस येते. मले तुह्या हाताचं काम नाई. ही बाई उभी हाये. माल तिचा हाये. तिले आयकू येईन असा भाव बोल."

गिरधरच्या हातावर रुमाल तसाच लोंबत होता, आणि त्याला त्या हाताचं काय करावं ते कळेना. म्हातारी पुढं सरकली.

"बोल ना बाप्पा," ती म्हणाली. "सालोसाल तुमचा रुमाल पाहून राहिली मी. आज आयकू बी दे."

कोणीतरी हसलं. मग मीच आमच्या बाजूचा भाव मोठ्यानं सांगितला. जो मी बोटांनी दाबला असता तोच, एक बोट कमी नाही की जास्त नाही. त्या बाजारात इतकी वर्षं काढून माझा स्वतःचा आवाज मी राशीवर पहिल्यांदा ऐकला. तो चिरका होता. शेजारच्या राशीवरचे कास्तकार माझ्याकडं बघायला लागले, मग आपापल्या अडत्याकडं.

सेठ ओट्यावर आला होता. तो ओरडला नाही.

"चाल. निंघ. अन् या बाजारात कोनत्या दुकानावर उभा राहतो ते पाहतो मी."

मी निघालो. कोणी माझ्यामागं आलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या राशींवर पुन्हा रुमाल होते. गिरधर होता. माझ्या जागी सेठचा भाचा होता, गोऱ्या हातांचा. हे मला किसननं सांगितलं. म्हातारीच्या तुरीला त्या दिवशी कोणी हात लावला नाही, ती माल घेऊन परत गेली, हेही त्यानंच सांगितलं. मी तिला तोटाच दिला.

तरी पुढच्या बाजाराला ती माझं घर विचारत आली. सोबत तिच्या गावचे दोघं होते. म्हणाले, चाल, आमच्याबरोबर उभा राहा.

तेव्हापासून मी कोणत्याही दुकानाचा माणूस नाही. चार गावचे लोक आपला माल आणतात आणि मी त्यांच्या राशीवर उभा राहतो. सहा-सात वर्षं झाली. काही दलाल तोंडानं बोलायला शिकले. बरेचसे अजून रुमाल घेऊनच येतात. कोणाच्या हातात रुमाल दिसला की आम्ही पोती शिवतो आणि गाडीत घालतो. कधी कधी माल दिवसभर तसाच पडून राहतो, संध्याकाळी परत जातो. त्या रात्री त्या घरात माझ्या नावानं काय बोललं जात असेल ते मला ठाऊक आहे.

डाग आहेत. या हिवाळ्यात मानेवर चढले आहेत. हितचिंतक सांगतात, आता नव्या गोळ्या निघाल्या, थोड्या घे, लोकांसमोर उभं राहायचं असतं. लोकांसमोरच उभं राहायचं आहे, म्हणूनच घेत नाही. डॉक्टरनं माझ्या अंगासाठी दिलेलं औषध मी घेतो. दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी एक कण घेणार नाही.

हा हात माझा आहे. खपल्यांसकट माझा आहे. तो कोणत्याही कापडाखाली जाणार नाही. ज्याला माझ्याशी बोलायचं आहे त्यानं समोर यावं आणि चार माणसांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलावं. ज्याला ते जमत नाही, त्यानं दुसरी रास बघावी. मी हलणार नाही.